दोरी आली होती

शेवटी ताईची नोकरी गेली.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते बोललेले नाही. ताई अजून नदीवर आहे, तिच्या डोक्यावर ते पोचा आलेलं पिवळं हेल्मेट आहे आणि ती कुणाला तरी "पाय वर! बोटं आकाशाकडे!" असं ओरडून सांगते आहे, असं आपण धरून चालू.

तर, मी एक जुनी दोरी आहे. कपडे वाळत घालायची नव्हे. म्हणजे सध्या तेच करते, पण तो विषय नंतर. मी बचावाची दोरी. खळाळत्या नदीतून रबरी राफ्टमध्ये बसून लोक मजेसाठी जातात आणि मजेमजेत पाण्यात पडतात. अशा पडलेल्यांकडे फेकतात, ती मी. एका फुगीर, चौकोनी बकलाच्या केशरी पिशवीत मी राहत असे. माझं एक टोक फेकणाऱ्याच्या मुठीत, बाकीची मी पिशवीत. पिशवी भिरकावली की हवेतल्या हवेत मी सुटत जायचं आणि वाहून जाणाऱ्याच्या पुढ्यात पडायचं. त्याने मला धरायचं. सगळ्या व्यवहारात त्याच्याकडे एवढं एकच काम असतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. छताला पंखे होते, पण ते लावत नसत, कारण लावले की धागे उडायचे. माझ्याबरोबर विणल्या गेलेल्या बहिणींपैकी एक जहाजावर गेली, एक तंबूला गेली आणि एक म्हशीच्या गळ्यात पडली. आम्ही तिला फार हसलो. पुढे कळलं, की ती म्हैस तिला रोज प्रेमाने चाटते. आम्हाला आजवर कुणी चाटलेलं नाही.

मी पाण्यावर तरंगते. हा माझा एकमेव गुण. पण तेवढ्या गुणावर मला नदीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये नोकरी लागली. शेडच्या आत ओळीने खिळे, खिळ्यांना हेल्मेटं आणि लाइफ जॅकेटं. जॅकेटं कधीच पुरती वाळत नसत, त्यामुळे आत सदैव ओल्या कुत्र्याचा वास यायचा. कुत्रा नव्हता. शेडच्या मागे एक खोली होती. तिच्यात ताई आणि तिची मावशी राहायच्या. ताई राफ्टच्या मागच्या टोकाला बसून राफ्ट हाकायची. मावशी पाहुण्यांसाठी चहा करायची. खोली नोकरीबरोबर मिळाली होती. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे त्या दोघींना, मालकाला आणि मला, सगळ्यांना माहीत होतं.

मला गुंडाळून ठेवायचं नसतं. गुंडाळलेली दोरी फेकली की तिचा गुंता होतो. मला मूठमूठ करून पिशवीत कोंबावं लागतं. पहिल्या दिवशी हा मला अपमान वाटला. पण ताई इतक्या मन लावून कोंबायची, की पुढे कुणी नीट घडी घातली असती तर मलाच परकं वाटलं असतं. रोज सकाळी, पाहुणे यायच्या आधी, ती पाण्यात एक रिकामा डबा सोडायची आणि मला त्याच्यावर फेकायची. मी दर वेळी डब्याच्या हाताशी पडायचे. डब्याला हात असते तर.

"डब्याला किती वेळा वाचवशील गं?" मावशी काठावरून विचारायची. "माणूस कधी वाचवणार?"

"माणूस पडू नये म्हणूनच बसलेय ना मागे."

"मग दोरी कशाला पाळलीस?"

"तू किटली घेऊन दगडावर बसतेस, तशी तीही बसते. असू दे."

मालक मात्र येईल त्या पाहुण्याला मला उचलून दाखवायचे. "ही आपली दोरी! अजून एकदाही वापरायची वेळ आली नाही!" एखाद्या वकिलाची "यांना अजून एकही खटला मिळालेला नाही" अशी ओळख करून द्यावी, आणि वर सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, तसं ते होतं. मित्रांनो, वर्षानुवर्षं स्तुती झाली, आणि ती सगळी काही न केल्याबद्दल झाली.

आमच्या नदीवर दोन मोठ्या खळाळत्या उतरणी होत्या. म्हणजे जिथे पाणी दगडांवर आपटत, फेसाळत उतरतं त्या जागा. पहिलीचं नाव धाकटी नणंद. ती लांबूनच ऐकू यायची आणि प्रत्यक्षात फारसं काही करायची नाही. दुसरीचं नाव सासूबाई. सासूबाई लांबून गप्प असायच्या. जवळ गेल्यावर कळायचं. सासूबाईंच्या खाली पाणी काठाकडे वळून थोडं शांत व्हायचं. तिथल्या सपाट दगडावर मावशी किटली घेऊन बसायची. वरून आलेली राफ्ट तिथे थांबायची.

एके दिवशी एक बस आली. बसच्या टपावर सामान, सामानावर जाळीत भरलेले फुटबॉल. एक संघ परगावच्या सामन्याला निघाला होता. दौऱ्यातला हा शेवटचा सामना होता आणि आधीचे सगळे ते हरलेले होते. त्यांच्या प्रशिक्षकांच्या, म्हणजे कोच सरांच्या, तोंडात शिटी कायम असायची, बोलतानासुद्धा. त्यामुळे त्यांच्या बोलण्यातले महत्त्वाचे शब्द तेवढे वाजायचे.

"पाण्यात एकत्र बसले, की उद्या मैदानात एकत्र पळतील," सर म्हणाले. "संघभावना!"

"सर, आणि एकत्र बुडलो तर?" गोलकीपरने विचारलं.

"तीही संघभावनाच."

या गोलकीपरला सगळे चाळण म्हणायचे. कारण सांगायला नको. आणि चाळणीच्या पुढे उभा राहायचा तो बचावपटू, भिंत. उंच, रुंद, बोलायला कमी. त्याच्या कपाळाला लागून गेलेला चेंडू म्हणे पुन्हा त्या गावात दिसायचा नाही. दोघं एका गल्लीत वाढले होते. हवेतून काहीही आलं, की चाळणीने घाबरून "काढ!" म्हणून ओरडायचं आणि भिंतीने कपाळ पुढे करून ते लांब घालवायचं. लहानपणापासून हेच चाललं होतं. उद्याच्या सामन्याला मोठ्या संघाचा एक माणूस खास भिंतीला बघायला येणार होता.

पाण्यात जायच्या आधी ताई सगळ्यांना काठावर उभं करून नियम सांगायची. त्या दिवशीही सांगितले. "पडलात तर घाबरायचं नाही. पाठीवर झोपायचं. पाय वर, बोटं आकाशाकडे. मी 'दोरी!' असं ओरडेन. दोरी आली की दोन्ही हातांनी धरायची, छातीशी घ्यायची आणि काहीही झालं तरी सोडायची नाही."

पण कोच सरांनी नेमकं तेव्हाच भिंतीला बाजूला घेतलं होतं आणि काठीने वाळूत उद्याचा सामना काढून दाखवत होते.

"सर, मला त्यांचे कान हवेत," ताई म्हणाली.

"बोला ना, कान इथेच आहेत."

ताईने भिंतीला विचारलं, "कळलं ना तुम्हाला?"

"कळलं, ताई."

"काय कळलं?"

भिंतीने वाळूकडे पाहिलं. "जिंकायचं."

सगळे हसले. ताईसुद्धा. तिने नियम पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी शिटी फुंकली आणि अख्खा संघ राफ्टकडे धावत सुटला. शिटी वाजली की ते धावतात. त्यांचा दोष नाही. दिशेची चौकशी त्यांनी आयुष्यात केलेली नव्हती.

धाकटी नणंद आली, ओरडली, गेली. मग सासूबाई आल्या. राफ्टचं नाक वर गेलं, खाली आलं, आणि भिंत, ज्याला आजवर कुणी हलवू शकलं नव्हतं, तो टोपी उडावी तसा उडून पाण्यात पडला.

ताईने एका हाताने राफ्ट काठाच्या शांत पाण्यात घातली. दुसऱ्या हाताने मला उचललं. मित्रांनो, तो क्षण मला कुणी परत दिला, तर बाकी सगळं आयुष्य मी त्याला बांधून देईन. "दोरी!" ताई ओरडली. मी सुटले. हवेत मी इतकी सरळ कधीच गेले नव्हते. खाली फेस, समोर त्याचं हेल्मेट, हेल्मेटखाली त्याचे डोळे, आणि ते डोळे माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता हात येतील.

राफ्टमधून चाळणीला एवढंच दिसलं, की काहीतरी गोल, केशरी, हवेतून भिंतीकडे येतं आहे.

"काढ!" चाळण जिवाच्या आकांताने ओरडला.

आणि भिंतीने काढलं.

वाहत्या पाण्यात, आधाराला काही नसताना, त्याने मान मागे घेतली आणि मला असं कपाळ दिलं, की मी पार नदीच्या मधल्या धारेत जाऊन पडले. राफ्टमध्ये टाळ्या पडल्या. "शाब्बास! काय काढलीस!" कोच सर म्हणाले, शिटीसकट. मग सगळ्यांना एकदमच आठवलं, की तो बुडतो आहे.

ताईने मला भराभरा ओढून पुन्हा फेकलं. पण तोवर तो वळणापलीकडे गेला होता. मी रिकाम्या पाण्यावर पडले आणि तरंगत राहिले. सांगितलंच मी, तो माझा एकमेव गुण.

तो वाचला. वळणापलीकडच्या गोट्यांवर नदीनेच त्याला काढून टाकलं. एक बूट गेला होता. कपाळाच्या मधोमध एक चौकोनी लाल ठसा होता.

शेडसमोर सगळे जमले तेव्हा मालकांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. त्यांनी विचारलं, काय झालं. भिंतीने चाळणीकडे पाहिलं. चाळणीने कोच सरांकडे. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा शिटी तोंडातून काढली. मला त्या वेळी तिघांच्याही मनातलं ऐकू आलं. उद्या तो मोठा माणूस बघायला येणार. आणि आज ही गोष्ट फुटली, तर प्रत्येक मैदानावर, प्रत्येक गावात, प्रेक्षक दोऱ्या घेऊन बसणार.

"दोरी आलीच नाही," भिंत म्हणाला.

"फेक कमी पडली," सर म्हणाले.

"आलीच नाही?" मावशी किटली घेऊन पुढे आली. "अरे, समोर बसले होते मी! टाळकं मारलंस की तिला! टाळ्या पडल्या की वरून!"

"बाई, तुम्ही यांच्या कोण?" सरांनी विचारलं.

"मावशी."

"मग झालं. नात्यातली साक्ष."

"नातं डोळ्यांना असतं होय? आणि मग त्याच्या कपाळावर काय आहे ते?"

"दगड लागला," भिंत म्हणाला.

"दगडाला बकल असतं का रे, मेल्या?"

भिंतीने कपाळावर हात ठेवला. तो हात मग त्याने बराच वेळ काढला नाही. ताई एवढंच म्हणाली, "मी बरोबर फेकली होती." पण ती हळू म्हणाली. जो बरोबर असतो त्याला मोठ्याने बोलायची सवय नसते. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत महागडा शोध आहे.

कोच सरांनी मालकांना बाजूला घेतलं. बाजू म्हणजे मी वाळत पडले होते तीच जागा. "हे बघा," सर म्हणाले, "माझ्या सगळ्यात चांगल्या पोराचा जीव जात होता. उद्या जिंकलो, तर मी हे विसरलो. हरलो, तर मात्र जिथे जिथे तोंड आहे तिथे तिथे तुमच्या नावाने बोलेन. मग येईल इथे कोण?"

मालकांनी ताईला बोलावलं. "ताई, उद्या ते जिंकले तर तू आहेस. नाहीतर माझा नाइलाज आहे."

अशा रीतीने, जिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या बाईची नोकरी एका अशा संघाच्या विजयावर टांगली गेली, जो वर्षभरात कुणाला हरवू शकला नव्हता. त्या दिवशी दुपारी ताईने मावशीला विचारलं, "चेंडू आत गेला तर चांगलं असतं की वाईट?"

"कुणाच्या आत, त्यावर आहे म्हणे."

आता जे सांगते ते नीट ऐका. बस निघायला थोडा वेळ होता. ताई मला घेऊन भिंतीकडे गेली. तो एकटाच, एका बुटात, पायरीवर बसला होता. मला वाटलं, ही आता याला माझ्याने बांधणार. मी तयार होते.

"उठा," ताई म्हणाली. "धरा."

तिने मला त्याच्याकडे फेकलं. त्याची मान मागे गेली.

"डोकं नको. हात."

पुन्हा फेकलं. पुन्हा मान. पुन्हा फेकलं. अंगणात, पाण्याचा थेंब नसताना, ती त्याला शिकवत राहिली, आणि शेवटी मी येताना दिसले की त्याचे दोन्ही हात आपोआप वर यायला लागले. मग तिने त्याला जमिनीवर पाठीवर झोपायला लावलं. छातीशी घट्ट. पाय वर. बोटं आकाशाकडे.

"माझं काय व्हायचं ते होवो," ताई म्हणाली. "पण तुम्ही पुन्हा कुठे पडाल, तेव्हा तिथे मी नसेन. अंगावर काहीही आलं तरी आधी हात. लक्षात ठेवाल?"

भिंत उठून बसला. त्याचे डोळे भरले होते. त्या क्षणी तोंड उघडून चारच शब्द शेडपर्यंत जाऊन बोलायचे होते. तो म्हणाला, "ताई, मी उद्या जिंकून देतो. मग सगळं मिटेल."

मित्रांनो, खरं बोलण्यापेक्षा सामना जिंकणं त्याला सोपं वाटलं. संघाचा इतिहास मी वर सांगितलाच आहे.

बसच्या टपावरची दोरी तुटली होती. मालकांनी मला ड्रायव्हरकाकांकडे भिरकावलं. "घेऊन जा ही. पांढऱ्या पायाची आहे." मला पाय नाहीत. पण ते पुराव्यांचे दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवशी बस मैदानाच्या कडेलाच उभी होती आणि मी टपावर सामानाला आवळलेली. त्यामुळे सामना मला त्या मोठ्या माणसापेक्षा चांगला दिसला. भिंत खेळला, आणि असा खेळला, की मीसुद्धा क्षणभर त्याला माफ केलं. पायाने अडवलं, गुडघ्याने अडवलं, एकदा बसकण मारून अडवलं. दोन्ही बाजूंचे गोल शून्य. बरोबरी झाली असती तरी ताई कदाचित तरली असती, कारण सरांची धमकी फक्त हरण्यापुरती होती.

शेवटची शिटी वाजायच्या बेतात असताना समोरून एक उंच चेंडू आला. सोपा होता. असले त्याने झोपेत काढले असतील. चाळण सवयीने ओरडला, "काढ!"

भिंतीने वर पाहिलं. गोल काहीतरी, हवेतून, थेट त्याच्याकडे.

आधी हात.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. छातीशी घट्ट घेतला. आणि मैदानाच्या त्या भागात, जिथे गोलकीपरशिवाय कुणी चेंडूला बोट लावलं तरी अनर्थ होतो, तिथे तो पाठीवर आडवा झाला. पाय वर. बोटं आकाशाकडे. पंच आले, त्यांनी चेंडू मागितला. त्याने सोडला नाही. काहीही झालं तरी सोडायची नाही, असं ताईने सांगितलं होतं. पंचांनी आणि चौघा खेळाडूंनी मिळून तो सोडवला.

पेनल्टी. चाळण डावीकडे झेपावला. चेंडू मधून गेला.

कोच सर बसच्या सावलीत उभे राहून फोनवर बोलले. "धक्का बसलाय पोराला! नदीचा धक्का! हे सगळं तुमच्या त्या बाईमुळे!" पलीकडून मालकांचा आवाज टपापर्यंत आला. "काढलं, साहेब. काढलं म्हणून समजा."

इथे ते पहिलं वाक्य येतं. तेव्हा तुम्ही ते वाचलं नव्हतं. आता वाचा.

थोड्या वेळाने भिंत स्वतःची बॅग काढायला टपावर चढला. माझी गाठ सोडता सोडता थांबला. इकडे तिकडे पाहिलं. मग मला मुठीत घेऊन हळूच म्हणाला, "आली होतीस तू. अगदी बरोबर लागलीस." हेच त्याने चार पायऱ्या उतरून, चार माणसांत म्हटलं असतं तर. पण त्याने ते एका दोरीला सांगितलं, आणि ते मला आधीच माहीत होतं.

पुढचं थोडं आहे. त्या मोठ्या माणसाने वहीत काही लिहिलं नाही, पण जाताना म्हणाला, "पोरगा धरतो छान." तेव्हापासून भिंत गोलकीपर आहे. चाळण बाकावर बसतो. भिंतीच्या हातांचं आता कौतुक होतं. इतके पक्के हात कुठे कमावले, असं लोक विचारतात. तो म्हणतो, "सरावाने."

मी त्यांच्या सामानाच्या खोलीत आहे. केशरी पिशवीत कुणीतरी मोजे भरले. मला दोन खिळ्यांना ताणून बांधलं आहे आणि माझ्यावर ओल्या जर्सी वाळत घालतात. त्याचीही घालतात. ती सगळ्यात जड असते. ताई कुठे आहे, मला माहीत नाही. खोली रिकामी करताना मावशीने किटली नेली की मालकांनी ठेवून घेतली, तेही माहीत नाही. ताई अजून नदीवर आहे असं आपण धरून चाललो होतो. आता सोडू या.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी दोरीची निगा राखा, तिला उन्हात टाकू नका, असं सांगायची पद्धत आहे. टाका. उन्हाने दोरी बिघडते, पण फार हळू. तुमच्याकडे काही फेकलं गेलं असेल, तर आलं होतं एवढं चार माणसांत म्हणा. आणि बाकीच्यासाठी मी रीतसर अर्ज करते आहे.

संबंधित सर्व यांस, सविनय सादर. अर्जदार दोरी, सध्या मुक्काम दोन खिळ्यांमध्ये, विनंती करते, की सदर बचावपटूस त्याच नदीत, त्याच ठिकाणी, त्याच वेगाने पुनश्च पाडण्यात यावे. सासूबाईंचे पाणी त्या दिवसाइतकेच ठेवण्यात यावे. गोलकीपरच्या तोंडात त्या अवधीपुरती शिटी कोंबण्यात यावी. अर्जदारास त्याच ताईंच्या हस्ते फेकण्यात यावे, व त्यासाठी ताईंस मागील तारखेपासून कामावर, आणि मावशींस किटलीसह दगडावर, रुजू करून घेण्यात यावे. सदर इसमाने अर्जदारास या खेपेस दोन्ही हातांनी धरावे. मंजुरीचा आदेश जर्सीच्या खिशात ठेवावा. जर्सीला खिसा नसतो, याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे.